अठरा फुटांची पाटी

पठारावरून,
१९ जानेवारी

बाबा,

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून कागद वाया घालवतोय. वाचणार तुमची लेक वर्षाली, हे मला ठाऊक आहे. तुम्ही ओटीवर जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवून बसणार आणि ऐकू येत नसल्यासारखं सगळं ऐकणार. तर वर्षाली, मोठ्याने वाच. कंसात लिहीन ते मात्र मनात वाच, ते तुझ्यापुरतं.

मी जिवंत आहे. कुणी विचारलं नसेल, तरी सांगतो. घरातून निघालो तो आधी इन्सुलीला गेलो. तिथे नाक्यावर पंक्चरच्या दुकानात अकरा दिवस काढले. गोव्याहून ट्रक येतात, तपासणीसाठी रांगेत उभे राहतात, आणि ड्रायव्हर खाली उतरून टायरला लाथा मारतात. लाथ मारली की हवा किती ते कळतं म्हणे. मालक बिचारा सांगायचा, "गेज आसा मा हयसर, लाव आणि बघ." एकही लावायचा नाही. मग कंटाळा आला. विजयदुर्ग बघायचा होता, का ते विचारू नका, म्हणून तळेऱ्याला उतरलो. विजयदुर्गच्या गाडीला दीड तास होता आणि समोरच्या टपरीवर एक गॉगलवाला माणूस चहावाल्याला विचारत होता, "पोहणारो कोण मिळात काय रे?" मी हात वर केला. विजयदुर्ग राहिला तो राहिलाच.

हा गॉगलवाला म्हणजे जितेंद्र, कणकवलीकडचा. त्याला जितूशेट म्हटलेलं आवडतं, म्हणून मी म्हणत नाही. घाट चढून वर पठारावर एक तळं आहे, त्याच्या काठाला त्याने आठ तंबू ठोकलेत. पाहुणे आले की त्याची भाषा बदलते. "सर, इथली शांतता तुम्ही अनुभवा," असं म्हणतो आणि पाठ वळली की शांततेत स्पीकर लावतो. माझं काम, पाहुणा पाण्यात उतरला तर तो बाहेर येईपर्यंत बघत बसायचं.

तळ्याला इथले लोक आरसो म्हणतात. नाव ठेवण्यापुरती अक्कल होती त्यांना. ज्याने जन्मभर आपल्या खाडीचं पाणी बघितलंय त्याला हे पाणी पाणीच वाटणार नाही. काठावर उभं राहून तळाचे दगड मोजून घ्यावेत. मधोमध एक झाड आडवं पडलंय, कधीचं कोण जाणे, पण फांदीला फांदी शाबूत. मासे फिरतात तेव्हा मासा एकीकडे आणि त्याची सावली खाली तळावर भलतीकडे. पुण्याची माणसं येतात, बघून 'वॉव' म्हणतात आणि लगेच तळ्याकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढतात. एवढं पाणी समोर, आणि बघायचं काय, तर आपलंच थोबाड.

गाववाले त्यांच्याहून थोर. इथे बाबली म्हणून एक म्हातारा आहे. त्याच्या म्हशी या तळ्यावर पाणी पितात, म्हणून तळं आपल्या बापाचं असल्यासारखा वागतो. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "ह्याका तळ नाय. सात खाटींची सुंभा एकाक एक बांधून सोडली, तरी टेकली नाय."

"त्यो खाटी कोणाच्यो होत्यो आजोबा?"

"जुनी गजाल ती."

"मगे हो समोर दिसता तो तळ कोणाचो?"

"आरशात दिसता ता आरशात आसता काय रे?" म्हणाला, आणि म्हशीच्या पाठीवर पाणी मारायला लागला. अशा माणसांशी काय बोलणार. एकजण पाण्यात बघतच नाही, दुसऱ्याला दिसतं ते पटत नाही.

मग जितेंद्रने मला विचारलं, "तू मालवणचो ना रे? दर्यातलो माणूस. सांग बघू, खोल किती?" मी काठावर गेलो आणि एकदा बघितलं. पाण्याचा अंदाज मला कुणी शिकवायला नको. आपल्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल, तळ दिसला तर उथळ, काळं दिसलं तर खोल. दगड मोजता येतायत म्हणजे तीन वाव, त्यापुढे नाही. त्याला वाव कळेना. म्हटलं, दोन्ही हात पसरले की एक वाव, सहा फूट. तीन वाव म्हणजे अठरा. त्याने दुसऱ्या दिवशी पेंटर आणला आणि लोखंडी चौकटीवर पत्र्याची पाटी लावली. 'आरसो तलाव. खोली १८ फूट. तळाला हात लावून दाखवा, एक रात्र मोफत राहा.' माझा शब्द कुणी रंगवून लावेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आपल्या होडीवर माझा शब्द पाण्यात पडायचा आणि बुडायचा.

तुम्ही असता तर शिसं काढलं असतंत. चाळीस वर्षं त्याच खाडीतून आत-बाहेर करताय, तरी दर खेपेला तोंडाशी आलं की इंजिन हळू, एकाला पुढे नाळीवर उभं करायचं, दोराला बांधलेलं शिसं टाकायचं, हाताखालून किती गाठी गेल्या ते मोठ्याने सांगायचं. बाकीच्या होड्या बाजूने निघून जायच्या आणि त्यांच्यावरची पोरं मला 'शिसेवालो इलो' म्हणून हाका मारायची. एवढं करून झालं काय? नोव्हेंबरात मी नाळीवरून साडेतीन वाव सांगितलं, तुम्ही त्या बाजूला वळवलीत, आणि होडी पाण्याखालच्या खडपावर बसून फुटली. मी तेव्हाही सांगितलं, आजही सांगतो, दोर जुना, पाण्याने ताणलेला, गाठी सरकलेल्या. त्या दोराने दगा दिला, त्याला मी काय करणार. इथे मी नुसत्या नजरेने सांगितलं तर पाटी लागली.

किरण

(वर्षाली, बाबा परत सुकाणूला बसले का? बसले असतील तर सांगू नकोस. नसतील तरी नको सांगू.)


३ फेब्रुवारी

बाबा,

नको सांगू म्हटलं तर वर्षालीने फोनवर सगळंच सांगितलं. इथे रेंज फक्त देवळामागच्या एका दगडावर येते. त्यावर एका पायावर उभा राहून मी सहा मिनिटं शिव्या खाल्ल्या. होडी दुरुस्त झाली, पण तुम्ही सुकाणूला हात लावत नाही आणि शेजारचा जयवंत चालवतो. आई बाजारात मासे घेऊन बसते तिथे बायका तिला ऐकू जाईल असं बोलतात, "काशीरामाचो अंदाज गेलो गे." आणि तुम्ही तो दोर ओटीवर पसरून आठ दिवस हात लांब करकरून गाठी मोजत होता. एक गाठ, एक वाव. परत पहिल्यापासून.

कशाला? मोजून होडी फुटायची राहणार होती का? बायकांनी काही म्हटलं तर म्हणू दे. त्यातली एकही कधी होडीत चढलेली नाही. आणि त्या जयवंताला रात्री चंद्र दिसला तरी होकायंत्र लागतं. त्याच्या हातात सुकाणू देऊन तुम्ही घरात बसताय, हे बघायला मी तिथे नाही, हेच बरं.

आता माझं ऐका. इथे जितेंद्रने एक तराफा केलाय. आठ प्लास्टिकचे ड्रम, वर फळ्या. तळ्याच्या मध्यावर, त्या पडलेल्या झाडाच्या वर तो उभा करायचा, म्हणजे पाहुणे पोहत जातील, त्यावर बसतील, तिथून सूर मारतील. चार कोपऱ्यांना चार दगड बांधून सोडायचे होते. दोर मी कापला. तीन वाव पाणी म्हणून साडेचार वाव कापला, सैल राहावा इतका. दगड खाली गेले, तराफा जागेवर राहिला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुण्याची माणसं कशालाही टाळ्या वाजवतात. बस वेळेवर आली तरी वाजवतील.

दुपारी वारा सुटला आणि तराफा चार पाहुण्यांना घेऊन पलीकडच्या कड्याकडे निघाला. त्यातला एकजण म्हणाला, "अरे, आपण फिरतोय, मस्त." मी पोहत गेलो आणि ओढत आणला. जितेंद्राला सांगितलं, दगड घसरले, खाली शेवाळ असणार. त्याला पटलं. त्याला काहीही पटतं, फक्त पाहुण्यासमोर बोललं पाहिजे.

(वर्षाली, दगड घसरले नव्हते. मी डोकं पाण्यात घालून बघितलं. दगड दिसत होते, तळ दिसत होता, आणि दगड टेकलेले नव्हते. मधल्या पाण्यात लोंबत होते, आणि दगड आणि तळ यांच्यात किती पाणी आहे ते मला कळेना. मी खूप वेळ बघितलं. कळेना.)

रविवारी तळाला हात लावायची शर्यत ठेवली होती. पाटीवर लिहिलंय म्हटल्यावर ठेवावीच लागणार. सहा जणांनी नाव दिलं. पाच जण अर्ध्यातून परत आले आणि वर येऊन पाण्याला नावं ठेवायला लागले, थंड आहे, कान दुखतात, कालचं जेवण जड होतं. सहावी कोल्हापूरची एक कॉलेजची मुलगी, आकांक्षा. ती पोहायच्या स्पर्धांतून बक्षिसं घेते. तिच्या कानात जरा पाणी गेलं. बाकी काही नाही. सगळे संध्याकाळी जेवून घरी गेले.

आंगणेवाडीची जत्रा यंदा कधी लागली? मसुऱ्याला गेलात तर माझ्या नावाने काही बोलू नका देवीला. तिला आधीच गर्दी पुष्कळ.

किरण

(वर्षाली, बाबांचं शिसं दोरासकट मला पाठव. त्यांना कळू देऊ नकोस. ते जाळं धुवायला खाडीवर गेले की कपाटावरून काढ. मालवणहून सकाळी सुटणारी पायथ्याची एसटी आहे, तिच्या ड्रायव्हरकडे दे, नाव सांग, मी खाली जाऊन घेईन. कशाला ते विचारू नकोस.)


१७ फेब्रुवारी

बाबा,

म्हणजे तू कंसातलंही मोठ्याने वाचलंस, वर्षाली. एवढं एक काम दिलं होतं.

काल पायथ्याला एसटी आली. ड्रायव्हरने सीटखालून पोतं काढून माझ्या पायावर ठेवलं आणि म्हणाला, "बापूस तुजो स्वतः इल्लो स्टँडार. 'शिसा आसा, आपटू नको,' म्हणान दोनदा सांगल्यान. शिसा आपटला तर काय जाता काय रे?" मी म्हटलं, काही जात नाही. "मगे माका कित्या सांगल्यान?" म्हणून तो वळणावर गाडी लावून चहा प्यायला गेला.

पोतं मी रस्त्यातच सोडलं. दोर नवा. गाठी नव्या, प्रत्येकीला लाल धाग्याचा वेढा. शिशाच्या बुडाला जो खळगा असतो त्यात मेण भरलेलं, अंगठ्याने दाबून सपाट केलेलं, तुमच्या अंगठ्याचा ठसा त्यावर स्पष्ट. चिठ्ठी काही नाही. चिठ्ठी लिहिली असतीत तर मला तिला नावं तरी ठेवता आली असती.

म्हणजे जुना दोर तुम्ही टाकून दिलात. मी गाठी सरकल्या म्हटलं, तुम्ही आठ दिवस मोजल्या, त्या बरोबर निघाल्या असणार, तरी तुम्ही माझ्या शब्दावर दोर बदललात. असं कोण करतं? माझ्या शब्दावर इतका विश्वास जितेंद्राने ठेवला, तर तो मूर्ख आहे म्हणून ठेवला. तुमचं काय?

आज सकाळी तराफ्यावर गेलो. एकटाच. बाबली काठावर म्हशी घेऊन उभा होता, त्याला दुसरं काम नाही. झाडाच्या बरोबर वर थांबून शिसं सोडलं. एक गाठ हाताखालून गेली, दोन गेल्या. तिसरी गेली तेव्हा मी मूठ आवळायला लागलो होतो, आता टेकणार म्हणून. शिसं ओढतच राहिलं. चार. पाच. आकडा मोठ्याने बोलायची सवय अशी की मी बोलत होतो, आणि ऐकायला सुकाणूवर कुणी नव्हतं. शिसं मला सगळा वेळ दिसत होतं, ही त्यातली सगळ्यात घाणेरडी गोष्ट. सहाला वाटलं टेकलं. सातला वाटलं टेकलं. आठला मी डोळे मिटून घेतले, कारण डोळ्यांचा काही उपयोग नव्हता. नवव्या गाठीला दोर सैल पडला.

नऊ वाव. चोपन्न फूट. तीन नाही, आणि सात खाटींचं सुंभही टेकू नये इतकंही नाही. वर काढलं तर मेणाला पिठासारखी पांढरी माती आणि कुजलेल्या पानाचा एक तुकडा चिकटला होता. तुमचा ठसा तिच्याखाली गेला.

बाबली काठावरून ओरडला, "कितके?"

"नऊ."

"माझो बापूस धा सांगी. हात आखूड असतलो त्येचो."

मी तराफा काठाला आणला. म्हटलं, म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? मग तळ नाही, तळ नाही, काय लावलंय?

"तळ आसा ह्या माका दिसणा नाय काय? डोळे फुटले नाय माझे," म्हणाला. "पण तळ नाय असा सांगला, तर पोरां उतरणत नाय. बापाशीन माका तसाच सांगल्यान, मी झिलाक सांगलंय. आमच्या वाडीतला एक पोर बुडाला नाय ह्या पाण्यात. तू इलंस आणि अठरा सांगलंस. अठरा सांगला, की माणूस म्हणता, हयच तर आसा."

मी त्याला महिनाभर वेडा म्हणत होतो. तोंडावर नाही, तुम्हाला लिहून.

आता त्या मुलीचं. कानात पाणी गेलं असं लिहिलं होतं. असं झालं नाही. तिला तळ जवळ दिसत होता म्हणून ती जात राहिली. मी वरून बघत होतो, तिचा हात दगडाला लागलाच असं मला दर क्षणाला वाटत होतं, म्हणून मी सूर मारला नाही. मग तिचे पाय थांबले. मी गेलो. मला आपल्या समुद्राची सवय. तिथे पाणी माणसाला उचलून धरतं. हे गोडं पाणी उचलत नाही, बाबा. तिला धरून वर येताना पहिल्यांदा कळलं की आम्ही किती खाली होतो. काठावर आणली तेव्हा तिच्या डाव्या कानातून आणि नाकातून रक्त येत होतं, आणि शुद्धीवर यायला इतका वेळ लागला की तिच्या मैत्रिणी रडायच्या थांबल्या होत्या. पडदा फाटलाय. डॉक्टर म्हणाले, एका कानाने पूर्वीसारखं ऐकू येईल की नाही सांगता येत नाही. जितेंद्राने तिच्या वडलांना सांगितलं, मुलीने घाई केली. मी बाजूला उभा होतो.

आज जितेंद्राकडे गेलो, दोर दाखवला, नऊ गाठी मोजून दाखवल्या. म्हटलं, पाटी बदल. तो हसला. "चोपन्न लिवलंय तर कोण उतरात रे?"

"कोणी नाही. म्हणूनच."

"शिमग्याच्या सुट्टीक चाळीस जणांचा बुकिंग आसा. शर्यतीसाठी येतत ते. आणि अठरा कोणी सांगला होता? मी सांगलंय? मालवणच्या दर्यावर्द्यान सांगला." मग तो पाहुण्यांचा आवाज काढून म्हणाला, "तेव्हा आपण मोजून सांगितलं होतं ना, किरणशेट?"

मी दोर गुंडाळला. मोजून सांगितलं होतं का, एवढाच प्रश्न होता.

किरण


२६ फेब्रुवारी

बाबा,

वर्षाली, हे पत्र ओटीवर वाचू नकोस. रापणीची जाळी ठेवतात त्या मांगरात घेऊन जा, दुपारी सगळे जाळी शिवत बसतात तेव्हा. जयवंत असेल, पोरं असतील, चहा घेऊन आलेल्या बायका असतील. बाबांना पुढे बसव. येणार नाहीत म्हणतील, तरी बसव. आणि ज्यांनी मला शिसेवालो म्हणून हाका मारल्या त्यांनीही ऐका, फुकट आहे.

आधी पाटीचं सांगतो, ते ऐकायला सोपं आहे. सोमवारी सकाळी मी पाटी चौकटीसकट उपटली, तराफ्यावर घातली आणि झाडाच्या वर नेऊन सोडून दिली. पत्रा जड, तरी झाडाचं पान पडतं तशी डोलत गेली. मी सेकंद मोजत होतो, एकवीसला टेकली. उताणी पडली. काठावरून अक्षर न् अक्षर वाचता येतं, खोली १८ फूट, तळाला हात लावून दाखवा.

जितेंद्र गॉगल कपाळावर चढवून आला. पाण्यात बघून म्हणाला, "ही तर हयच आसा. काढ जा."

"तूच काढ. अठराच तर फूट."

त्याने शर्ट काढला, हे मी खोटं सांगत नाही. कमरेएवढ्या पाण्यात गेला. तिथे उभा राहून बराच वेळ पाटीकडे बघत राहिला. बाबली म्हशीला म्हणाला, "थांब गो, शेट तळाक जातत." जितेंद्र परत वळला, शर्ट घातला, आणि मला तोंड काळं करायला सांगितलं. मी तोंड कुठेही काळं करू शकतो, ती माझी कला आहे. पण दोन दिवस पायथ्याला राहून, रोज वर चढून बघितलं. जो पाहुणा येतो तो पाटी वाचतो आणि विचारतो, ही वर का नाही काढत? बाबली तिथेच उभा असतो, सांगायला. शर्यत बंद झाली. चाळीस जण शिमग्याला काठावर बसून फोटो काढतील, त्यांना तेवढंच येतं.

आकांक्षाला फोन केला. देवळाच्या दगडावरून. मी म्हटलं, तो आकडा मी दिला होता, मोजला नव्हता. ती म्हणाली, "थांब, दुसऱ्या कानाला लावते." मग मला ते परत सांगावं लागलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग मोजलाय असं का सांगितलंस?" मी म्हटलं, कुणी विचारलंच नव्हतं मोजला का. ती म्हणाली, "म्हणजे विचारलं असतं तर खरं सांगितलं असतंस?" आणि फोन ठेवला.

तर आता नोव्हेंबर.

त्या दिवशी आपण खाडीच्या तोंडाशी आलो, तुम्ही इंजिन हळू केलंत आणि मला म्हणालात, "टाक शिसा." बाजूने दोन होड्या गेल्या, पोरं नेहमीसारखी ओरडली. मी दोर हातात घेतला, हात मागे नेला, टाकल्यासारखं केलं. टाकला नाही. पुढे पाणी काळं दिसत होतं. काळं म्हणजे खोल, मी म्हटलं, आणि ओरडलो, साडेतीन. खाली शिनाण्यांच्या शिंपल्यांनी काळा झालेला खडप होता, दीड वावावर. तुम्ही माझा आकडा ऐकलात आणि वळवलीत. चाळीस वर्षांत पहिल्यांदा चुकीच्या बाजूला वळवलीत ती माझ्या शब्दावर.

काशीरामाचा अंदाज गेलेला नाही. काशीरामाने अंदाज केलाच नव्हता, तो अंदाज करत नाही, मोजतो. अंदाज मी केला होता. गाठी बरोबर होत्या, जुन्याही आणि नव्याही. मांगरातल्या सगळ्यांनी हे ऐकलं असेल तर बाजारातल्या बायकांना सांगायला कुणाला पाठवायची गरज नाही, संध्याकाळपर्यंत पोचेल.

होडी आदळली तेव्हा तुम्ही पाणी उपसत होता आणि मला विचारत होता, "झिला, तुका खंय लागला काय रे?" शिसं माझ्या पायाशी कोरडं पडलं होतं. त्यावेळी तुम्ही ते उचललं असतंत तर सगळं तिथेच कळलं असतं. पण तुम्हाला दुसरंच बघायचं होतं. मी मात्र आधी शिशाकडे बघितलं, आणि तुम्हाला दिसू नये म्हणून पायाने फळीखाली ढकललं. मला कुठेच लागलं नव्हतं. तेही मी तुम्हाला सांगितलं नाही, खांदा धरून बसलो.

शिसं त्याच एसटीने परत पाठवतोय. मेण काढलेलं नाही, पांढरी माती तशीच आहे, तुम्हाला बघावीशी वाटेल. मी कुठे जाणार ते ठरलेलं नाही. विजयदुर्ग अजून राहिलाय. मागे जयवंताला नावं ठेवली ती तशीच राहू देत, ती होकायंत्रावरून होती.

उद्यापासून तुम्ही सुकाणूला बसा. नाळीवर दुसरा कुणी उभा करा. आणि त्याने आकडा सांगितला, की वळवायच्या आधी दोर ओला आहे का ते हात लावून बघा.

किरण